टू-स्ट्रोकला प्रोग्रॅमेबल इग्निशन बसवताना

पॉइंट घासून कंटाळलेला आरडीवाला आणि ‘रेसिंग सीडीआय’च्या नावाखाली काळी डबी घेऊन फसलेला आरएक्सवाला, दोघंही हल्ली एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: प्रोग्रॅमेबल इग्निशन बसवावं का? लॅपटॉप जोडायचा, स्क्रीनवर टायमिंगची रेघ हवी तशी वाकवायची आणि गाडी रस्त्यावर काढायची. स्लोव्हेनियाची झीलट्रॉनिक, चेक प्रजासत्ताकाची इग्निटेक ही नावं जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांच्या बोलण्यात आता सर्रास येतात. बसवायला काहीच हरकत नाही. पॉइंटवर चालणाऱ्या ट्विन सिलिंडर गाडीला याच्याइतकं समाधान देणारी दुसरी सुधारणा माझ्या तरी माहितीत नाही. मात्र डबीत ताकद भरून येत नाही. ती इंजिनातच असावी लागते. आणि स्क्रीनवर २० अंश लिहिले म्हणून प्लगला करंट २० अंशांवरच मिळतो असंही नाही. या लेखाचा बराचसा भाग या दुसऱ्या मुद्द्यावर खर्च होणार आहे, कारण पिस्टन जातात ते तिथेच.

उदाहरणाला राजदूत ३५० घेऊ. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० याच नावाने आपल्याकडे आणली. ३४७ सीसी, ६४ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, दोन सिलिंडर, आणि दोन्ही क्रँकपिन एकमेकांपासून १८० अंशांवर. डाव्या कव्हरखाली अल्टरनेटर आणि त्यावरच प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र पॉइंट. कंपनीने दिलेलं टायमिंग दोन्हीकडे २.० मिमी, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायला दोन मिलिमीटर बाकी असताना करंट. हे टायमिंग आयडलला तेच, ८००० आरपीएमलाही तेच. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या आरएक्स १००ची गोष्ट वेगळी: तिला मुळातच सीडीआय, आणि तिच्या मॅग्नेटोतल्या सोर्स कॉइलवर ती बॅटरीशिवायही चालते. येझदीचा बराच गोतावळा ६ व्होल्टचा आणि पॉइंटवाला. तिन्ही गाड्यांना एकच किट चालेल असं सांगणाऱ्या दुकानदाराचा चहा घ्यावा आणि निघावं.

एकच टायमिंग का पुरत नाही

फोर-स्ट्रोकमध्ये आरपीएम वाढतो तसं टायमिंग ॲडव्हान्स होत जातं, हे गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असतं. टू-स्ट्रोकला तोच नियम लावला की घोटाळा होतो. खालच्या आरपीएमला सिलिंडर नीट भरत नाही, जुना धूर आतच घोटाळत राहतो आणि नवं मिश्रण त्यात पातळ होतं. असं मिश्रण सावकाश जळतं, म्हणून करंट लवकर द्यावा लागतो. इंजिन ‘पाइपवर’ येतं, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरच्या लहरी नेमक्या वेळी परत येऊन निसटणारं मिश्रण सिलिंडरात ढकलतात, तेव्हा सिलिंडर खच्चून भरतो, दाब वाढतो आणि जळणं झपाट्याने होतं. इथे टायमिंग मागे घ्यावं लागतं. नाही घेतलं तर नॉकिंग. त्याही पुढे, ताकदीचा कळस ओलांडल्यावर, टायमिंग आणखी मागे घेतलं की जळण्याची बरीचशी उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी पाइपात जाते. पाइपातला वायू तापला की आवाजाच्या लहरींचा वेग वाढतो, लहर लवकर परतते आणि तोच पाइप जास्त आरपीएमपर्यंत साथ देतो. पूर्व जर्मनीत एमझेडच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पाइपाच्या लहरींवर जे काम केलं, त्याला नंतरच्या काळात इलेक्ट्रॉनिक टायमिंगची अशी जोड मिळाली.

म्हणजे चांगल्या टू-स्ट्रोक कर्व्हचा आकार टेकडीसारखा: किक उलटी मारू नये म्हणून किकला कमी, मधल्या पट्ट्यात जास्त, मग उतार. पॉइंटची सपाट रेघ ही तडजोड असते. वरच्या आरपीएमला इंजिन फुटू नये म्हणून खालची ओढ सोडून दिलेली असते. सायलेन्सर मूळचा आणि पोर्टला हात लावलेला नसेल, तर या तडजोडीतून सुटका झाल्याने मिळणारा फायदा माफकच असतो. किक सोपी होते, आयडल स्थिर राहतो, पॉइंटची कटकट जाते. चेंबर आणि पोर्टिंग केलेल्या इंजिनात मात्र फरक अंगाला जाणवतो.

आधी इंजिन

किटची ऑर्डर देण्यापूर्वी रोटर काढा आणि क्रँकचं डावं टोक हलवून पाहा. बेअरिंग गेलेलं असेल तर रोटर डोलतो, पिकअपची फट प्रत्येक फेऱ्यात बदलते आणि टायमिंग दोन-दोन अंश पुढेमागे उडत राहतं. सॉफ्टवेअरमध्ये कितीही बसा, ते सुधारणार नाही. रोटर निघालाच आहे तर त्यामागचं क्रँक सील बदलून टाका. त्या सीलमधून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो. दोष मात्र नव्या इग्निशनवर येतो, कारण शेवटचा हात तिथे लागलेला असतो. शक्य असेल तर लीकडाउन टेस्ट करून घ्या: इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करायची, सुमारे ०.४ बार दाब द्यायचा आणि काही मिनिटं काटा पडतो का ते पाहायचं.

कार्ब्युरेटरचं जेटिंगही याच टप्प्यावर. आता देशभरातल्या पंपांवर ई२० पेट्रोल आलं आहे आणि जुन्या गाडीचे जेट त्यासाठी बनलेले नाहीत. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई२० ला साडेतेरा पटच्या आसपास. जेट तेच ठेवले की तीच गाडी पातळ चालते. पातळ चालणाऱ्या इंजिनावर टायमिंगचे प्रयोग करणं म्हणजे दोन अनोळखी गोष्टी एकदम बदलणं. मग पिस्टनला भोक पडलं तर दोषी कोण, हे कधीच कळत नाही. आधी जुन्याच इग्निशनवर, ठरावीक टायमिंगवर जेटिंग बसवा. प्लगचा रंग, प्लगच्या तळाशी दिसणारं मिश्रणाचं वलय, पिस्टनच्या डोक्यावरचं धुतल्यासारखं दिसणारं क्षेत्र, हे सगळं जागेवर आलं की मगच पुढे.

डबी, कॉइल आणि बॅटरी

डबी निवडताना पहिला प्रश्न: ती ऊर्जा कुठून घेते? एसी-सीडीआय मॅग्नेटोच्या सोर्स कॉइलमधून घेते, डीसी-सीडीआय १२ व्होल्टच्या बॅटरीतून. प्रोग्रॅमेबल डब्या बहुतांश डीसी जातीच्या असतात. आरडीला बॅटरी आणि अल्टरनेटर असल्याने सोपं जातं. पण मूळचा जुना रेग्युलेटर अजून असेल तर आधी बॅटरीवर मीटर लावा. इंजिन ४००० वर असताना १४ ते १४.५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १५ च्या वर सतत जात असतील तर नवी डबी फार दिवस टिकणार नाही. आरएक्ससारख्या गाडीत हेडलाइट थेट एसीवर चालतो आणि बॅटरीला जेमतेम इंडिकेटर-हॉर्नपुरतं चार्जिंग मिळतं. तिथे डीसी डबी बसवायची तर स्टेटरची लाइटिंग कॉइल अर्थपासून सोडवून फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर लावावा लागतो, नाहीतर रात्री लाइट लावून वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की गाडी मिस मारायला लागते. ६ व्होल्टच्या येझदीला तर आधी अख्खं १२ व्होल्टचं मॅग्नेटो किटच घ्यावं लागतं. तशी किटं बनवणाऱ्यांत चेक प्रजासत्ताकाची वेप ही कंपनी जुनी.

दुसरा प्रश्न कॉइलचा, आणि इथे लोक हमखास चुकतात. पॉइंटच्या कॉइलच्या प्रायमरीचा रोध काही ओहम असतो, सीडीआयच्या कॉइलचा एक ओहमहूनही कमी. सीडीआय कपॅसिटर काही शे व्होल्टपर्यंत भरून कॉइलमध्ये एका झटक्यात रिकामा करते. पॉइंट किंवा ट्रान्झिस्टर इग्निशनमध्ये कॉइल आधी काही मिलिसेकंद करंटने भरावी लागते. सीडीआयची कॉइल ट्रान्झिस्टर डबीला लावली तर डबी जळते. पॉइंटची कॉइल सीडीआयला लावली तर ठिणगी मरगळलेली येते आणि गाडी वरच्या आरपीएमला कापते. डबीसोबत सांगितलेलीच कॉइल घ्या. तेलकट प्लगवर सीडीआयची ठिणगी वेगाने उठते म्हणून टू-स्ट्रोकला ती मानवते. १९६९ च्या कावासाकी एच१ मध्येच सीडीआय होती.

प्लग कॅप पाच किलो-ओहमची, रेझिस्टरवाली घ्या. पॉइंटच्या जमान्यातली साधी पितळी टोपी नवीन डबीसोबत ठेवली तर प्रत्येक ठिणगीचा रेडिओ-गोंगाट डबीतल्या प्रोसेसरला चक्रावून सोडतो. गाडी ६००० ला विनाकारण कापली जाते, किंवा लॅपटॉपशी जोडणी मध्येच तुटते. ‘डबी खराब आली’ म्हणून परत पाठवण्याआधी या एका कॅपकडे नजर टाका.

पिकअप

पिकअप दोन जातींचे. चुंबक आणि तारेची गुंडाळी असलेला व्हीआर पिकअप स्वतःच सिग्नल निर्माण करतो. हॉल सेन्सरला वीज पुरवावी लागते. आरडीच्या किटमध्ये सहसा पॉइंटची प्लेट आणि कॅम काढून त्याजागी ट्रिगर रोटर आणि पिकअपची प्लेट येते. व्हीआर पिकअपची फट किट सांगेल तितकी, साधारण ०.५ ते ०.८ मिमी, फिलर गेजने मोजून लावा आणि रोटर पूर्ण फिरवून ती कुठे घासत नाही ना हे पाहा. त्याच्या दोन वायरी उलट लागल्या तरी गाडी बहुतेक वेळा चालू होते, आणि घात तिथेच आहे. ट्रिगरच्या एका कडेऐवजी दुसऱ्या कडेवर सिग्नल मोजला जातो आणि टायमिंग त्या उंचवट्याच्या रुंदीइतकं सरकतं. कधी कधी हा फरक १० अंशांहून जास्त असतो. स्ट्रोबशिवाय, म्हणजे टायमिंग लाइटशिवाय, तो कळत नाही.

पिकअपची जागा कुठे हवी? डबी उशीर करू शकते, आधी पोचू शकत नाही. तुम्हाला जास्तीत जास्त २५ अंश ॲडव्हान्स हवा असेल तर पिकअपचा सिग्नल त्याच्या बराच आधी, म्हणजे ४० ते ४५ अंशांवर यायला हवा, आणि तो कोन सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा भरायला हवा. काही डब्या ट्रिगरच्या दोन्ही कडा वापरतात. किक मारताना, इंजिनाची गती दर फेऱ्यात बदलत असताना, मागच्या कडेवर थेट करंट देतात आणि गती स्थिरावली की पुढच्या कडेपासून हिशोब करतात. तुमची डबी अशी असेल तर मागची कडाही सोयीच्या कोनावर, साधारण १० ते १५ अंशांवर बसवावी लागते. किकच्या वेळी टायमिंग फार पुढे असलं तर किक उलटी मारते. टू-स्ट्रोक असल्याने क्वचित इंजिन उलट्या दिशेनेही चालू होतं, आणि पहिला गिअर टाकताच गाडी मागे येते. बघणाऱ्यांची करमणूक होते. घोट्याची होत नाही.

आरडीचं आणखी एक. क्रँक दाबून जोडलेला असतो. पन्नास वेळा उघडलेल्या, कुठल्या तरी लेथवाल्याने पुन्हा दाबलेल्या क्रँकमध्ये १८० चे १७९ झालेले असू शकतात. पॉइंट दोन असल्याने ही चूक मूळ गाडीत आपोआप लपून जायची, कारण प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट वेगळा लावला जायचा. एका पिकअपवर चालणाऱ्या नव्या किटमध्ये ती उघडी पडते. म्हणून दोन्ही सिलिंडर वेगवेगळे मोजा आणि डबीत सिलिंडर ऑफसेटची सोय असेल तर ती वापरा. काही किटं दोन्ही प्लगना एकाच वेळी करंट देतात. त्यात एक ठिणगी खाली असलेल्या पिस्टनवर वाया जाते. अशी अनेक इंजिनं चालतात, पण आरडीसाठी मी दोन कॉइल आणि दोन स्वतंत्र आउटपुटची डबी घेईन.

मिलिमीटर आणि अंश

मॅन्युअल मिलिमीटरमध्ये बोलतं, डबी अंशांत. मधला हिशोब करताना नुसता स्ट्रोक घेऊन साधा कोसाइन काढला तर २.० मिमीचे २२ अंश निघतात. खरं उत्तर सुमारे २० आहे, कारण कनेक्टिंग रॉड तिरका होतो आणि पिस्टन त्यामुळे आणखी थोडा खाली राहतो. आरडीचा रॉड ११० मिमीचा; हिशोबात तो धरलात की २० अंशांना २.०२ मिमी येतात. दोन अंशांची ही चूक सुरुवातीलाच घातली तर पुढचं सगळं काम त्या चुकीवर उभं राहतं.

वरचं टोक, म्हणजे टीडीसी, डायल गेजच्या काट्यावरून थेट शोधू नका. तिथे पिस्टन इतका सावकाश सरकतो की काही अंश काटा जवळजवळ हलत नाही. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा, क्रँकवर डिग्री व्हील बसवा, हाताने हळूच एका बाजूला टेकेपर्यंत फिरवून आकडा घ्या, मग दुसऱ्या बाजूला. दोहोंचा मध्य म्हणजे टीडीसी. प्लगचं भोक तिरकं असलेल्या हेडमध्ये डायल गेज खऱ्याहून जास्त आकडा दाखवतो, म्हणून तिथे हेड काढून मोजणंच बरं. टीडीसी मिळाला की रोटरच्या कडेवर बारीक टाचणीने खूण करा, आणि त्यापासून १०, १५, २०, २५ अंशांच्या खुणाही. रोटरचा व्यास १०० मिमी असेल तर एक अंश म्हणजे कडेवर ०.८७ मिमी. मार्करच्या जाड रेघेत दोन अंश सहज हरवतात.

वायरिंग

पावडर कोटिंग केलेल्या सुंदर फ्रेमवर डबी स्क्रूने आवळली म्हणजे अर्थ मिळाला असं होत नाही. इंजिनच्या केसवरून, बॅटरीच्या निगेटिव्हवरून आणि डबीच्या अर्थवरून जाड वायरी एकाच ठिकाणी आणा. डबीला स्वतंत्र फ्यूज द्या. पिकअपची वायर प्लगच्या हाय टेन्शन वायरीपासून दूर न्या. सोबत बांधली की खोटे सिग्नल येतात. डबी सीटखाली, रबरवर, पाणी टपकणार नाही अशा जागी. कोकणातल्या पावसात चालणारी गाडी असेल तर कनेक्टरांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायला विसरू नका.

किल स्विचची खबरदारी विशेष. मॅग्नेटोवाल्या एसी-सीडीआयमध्ये किल वायर अर्थला टेकवली की इंजिन बंद होतं. बॅटरीवाल्या डबीत १२ व्होल्टचा पुरवठाच तोडायचा असतो. जुन्या स्विचची वायर तशीच नव्या डबीच्या पुरवठ्याला जोडली तर स्विच बंद करताच थेट शॉर्ट. आणि सीडीआयच्या प्रायमरी बाजूलाही काही शे व्होल्ट असतात. इंजिन चालू असताना कॉइलचे टोक हाताने चाचपू नका. प्लग बाहेर काढून करंट तपासायचा असेल तर तो भोकापासून लांब, हेडला नीट अर्थ करून धरा. भोकातून उडणारं पेट्रोल पेटायला एक ठिणगी पुरते.

पहिली रेघ सपाट ठेवा

आता लॅपटॉप. मोह असा होतो की कुणा तरी मित्राचा चढउताराचा कर्व्ह टाकून थेट रस्त्यावर जावं. तसं करू नका. पहिला कर्व्ह म्हणून १००० पासून ९००० पर्यंत २० अंशांची सपाट रेघ भरा, म्हणजे डबीला पॉइंटची नक्कल करायला लावा. गाडी चालू करा, टायमिंग लाइट धरा आणि रोटरवरची खूण पाहा. ३००० ला २० दिसतात का? नसतील तर स्क्रीनवरचा कर्व्ह न बदलता पिकअपच्या कोनाची नोंद दुरुस्त करा किंवा प्लेट सरकवा. मग ५००० ला पाहा, ७००० ला, ८००० ला. गाडी रिकामी असताना वरच्या आरपीएमला फार वेळ ठेवू नका. झटक्यात वर नेऊन पाहायचं.

रेघ सपाट भरूनही खूण सरकत असेल तर ती डबीची किंवा पिकअपची दिरंगाई. उदाहरणार्थ, ३००० ला नेमके २० आणि ८००० ला १८ दिसले, तर कुठे तरी सुमारे ६५-७० मायक्रोसेकंदांचा ठरावीक उशीर आहे. ३००० ला इतक्या वेळात क्रँक सव्वा अंशाच्या आसपास फिरतो, ८००० ला सव्वातीन. चांगल्या डब्यांत हा उशीर भरून काढायची सोय असते. नसेल तर तेवढा फरक कर्व्हमध्येच मिळवावा लागतो. खूण एका जागी न राहता थरथरत असेल तर फट, अर्थ, प्लग कॅप, नाहीतर क्रँक बेअरिंग. तपासायचा क्रमही हाच. दोन्ही सिलिंडरांवर हा खेळ वेगवेगळा करा.

टायमिंग लाइटबद्दल एक इशारा. डायल फिरवून ॲडव्हान्स मोजणारे महागडे लाइट बहुधा चारचाकींच्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी केलेले असतात. दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी असं ते गृहीत धरतात. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला ठिणगी असल्याने त्यांचा डायल चुकतो आणि आरपीएम दुप्पट दिसतो. लाइटमध्ये टू-स्ट्रोकचा पर्याय नसेल तर डायल शून्यावर ठेवा आणि रोटरवर केलेल्या आपल्याच खुणा वाचा. या टप्प्यावर अख्खा रविवार गेला तरी चालेल.

आता रेघ वाकवा

सपाट रेघ स्ट्रोबखाली खरी उतरली की कर्व्हला आकार द्या. चेंबर लावलेल्या, हलकं पोर्टिंग केलेल्या, रस्त्यावरच्या आरडीसाठी मी असा आरंभ करेन: किकपासून १००० पर्यंत १२-१४ अंश, १५०० ला १७, २५०० ते ४५०० पर्यंत २२, ६००० ला २०, ७५०० ला १८, आणि ताकदीचा कळस ओलांडला की ९००० पर्यंत उतरत १५. हा कुणाच्या डायनोवरचा विक्रम नाही, सुरक्षित बाजूचा पहिला टप्पा आहे. ओढ सर्वांत जास्त असते त्या आरपीएमला मूळ २० च्या वर जायचं नाही, एवढा एक नियम पाळा. बदल एका वेळी एका अंशाचा आणि एकाच पट्ट्यात. वरच्या टोकाला टायमिंग मागे नेताना हावरेपणा नको. उष्णता पाइपात जाते तशी पिस्टनच्या एक्झॉस्ट बाजूलाही लागते आणि त्या बाजूचं स्कर्ट प्रथम घासतं. एक्झॉस्ट टेम्परेचर मीटर असेल तर आकड्यापेक्षा बदल पाहा: टायमिंग मागे घेतल्यावर तापमान वाढायलाच हवं, पण ताकद न वाढता तापमानच चढू लागलं की मर्यादा आली.

नॉकिंग टू-स्ट्रोकच्या आवाजात सहसा ऐकू येत नाही. कानावर विसंबू नका, भिंग घ्या. पूर्ण थ्रॉटलवर मोकळ्या, सुरक्षित जागी एक ओढ, मग क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच, आणि प्लग काढून पोर्सेलीन पाहा. त्यावर मिरीच्या भुकटीसारखे काळे किंवा चमकते ॲल्युमिनियमचे ठिपके दिसले की टायमिंग दोन अंश मागे, वाद न घालता. हेड काढाल तेव्हा पिस्टनच्या डोक्याची कड कुरतडल्यासारखी झाली आहे का तेही पाहा.

कुठे चाचणी केली यालाही महत्त्व आहे. महाबळेश्वरची उंची सुमारे १३५० मीटर, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी विरळ. तिथे मिश्रण आपोआप जाड होतं, सिलिंडरातला दाब कमी राहतो आणि जरा उतावीळ टायमिंगही खपून जातं. तीच गाडी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरवून कोकणातल्या हायवेवर थ्रॉटल उघडली की मिश्रण पातळ, दाब जास्त, आणि वर ठरवलेला कर्व्ह घातक. पुण्याची ५६० मीटरही समुद्रसपाटी नव्हे. शेवटचं ट्यूनिंग तुम्ही गाडी जिथे जिथे नेणार आहात त्यांतल्या सर्वांत खालच्या ठिकाणी, थंड सकाळी करा.

रेव्ह लिमिटर लावा. पण तो नुसता ठिणगी तोडतो हे लक्षात ठेवा. न जळलेलं मिश्रण तापलेल्या पाइपात जमतं आणि फटके मारतं. अधूनमधून एखादी ठिणगी सोडणारा मऊ लिमिटर असेल तर तो निवडा. थ्रॉटल पोझिशन सेन्सर जोडून थ्रॉटलप्रमाणे बदलणारा नकाशा आखण्याची सोयही काही डब्यांत असते. आपल्याकडच्या गाड्यांचे मूळ कार्ब्युरेटर त्या सेन्सरविना येतात, आणि रस्त्यावरच्या गाडीला त्याचा खर्च मला तरी परवडणारा वाटत नाही. एकाच डबीत दोन कर्व्ह ठेवून हँडलवरच्या स्विचने बदलता येत असतील तर ती सोय मात्र घ्या: एक रोजचा, एक दोन अंश मागे घेतलेला, अनोळखी पंपावरच्या पेट्रोलसाठी.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करतं. इग्निशनच्या डबीने इंजिन नंबर किंवा सीसी बदलत नाही. चेंबरचा आवाज आणि पीयूसीचा आकडा मात्र पकडला जातो. पंधरा वर्षांवरची गाडी पुन्हा नोंदणीला नेताना मूळ सायलेन्सर लावलेला असलेला बरा.

कर्व्ह मनासारखा झाला की फाइल तारखेसह सेव्ह करा: जेट नंबर, प्लगचा नंबर, कॉइल, पिकअपचा भरलेला कोन, स्ट्रोबवर प्रत्यक्ष दिसलेले अंश, सगळं त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा. काढलेली पॉइंट प्लेट, कॅम आणि जुन्या कॉइल विकू नका. टायमिंगच्या खुणा असलेल्या तशाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. गोव्याच्या रस्त्यावर डबी बंद पडली तर तिथल्या मेकॅनिकला लॅपटॉपपेक्षा फिलर गेज जास्त जवळचं असेल.